दुसऱ्या डिस्कवरची पंधरा वर्षं

आमच्या ऋतुजाचा साखरपुडा झाला ते साल २०४१. तुळशीची लग्नं लागली आणि पुढच्याच आठवड्यात पाहुणे जेवून गेले. पाहुण्यांची पातेली अजून घासायची होती, तेवढ्यात तिने आमच्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवली. नंतर जे झालं ते त्या दिवसापासून मोजायचं की आधीपासून, हे मला आजही ठरवता येत नाही.

ऋतुजा माझ्या धाकट्या जावेची, शालनची, मुलगी. मला मूल नाही, त्यामुळे ती दोन्हीकडची. संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. मला अक्षरं तिनेच शिकवली, ती पहिलीत असताना. स्वतःची पाटी माझ्या मांडीवर ठेवून ती माझ्या हाताला धरून गिरवून घ्यायची.

इचलकरंजीतलं आमचं घर पुढे दोन खोल्यांचं, मध्ये दोघी जावांचं एकच स्वयंपाकघर, आणि मागे शेड. शेडमध्ये चार जुने यंत्रमाग. गावात बिनमाणसांचे माग येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जाडं कापड अजून आमच्यासारख्यांकडेच यायचं. आमचे मालक श्रीपती आणि माझे दीर महादेव, दोघेच भाऊ ते माग चालवत. एकाची दिवसपाळी, एकाची रातपाळी. आठवडा झाला की अदलाबदल.

संगणक आणि मनगटाचा पट्टा कामगारांच्या आरोग्याच्या एका योजनेतून आला होता. घराला एकच पट्टा. त्यातून हिरवा उजेड कातडीत शिरतो आणि रक्ताची प्रत्येक लाट टिपतो. हृदय कसं चाललंय, श्वास कसा, झोप कशी, चाल कशी, सगळं त्या लाटांत असतं. त्यावरून संगणक आत त्या माणसाचं दुसरं शरीर उभं करतो. त्याला प्रतिदेह म्हणतात. खरं शरीर आजचा दिवस जगत असतं तेव्हा आतलं शरीर पुढची वर्षं जगून बघतं आणि मागे येऊन सांगतं, अमुक ठिकाणी बिघाड होणार आहे, आताच बघा. शरीराची माहिती घराबाहेर न्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून ती मोठी पेटी प्रत्येकाच्या घरात.

पट्टा मालकांच्या नावावर होता. पण आमच्या घरात सासऱ्यांपासून एक रीत होती, मागावर हात रिकामा. सासऱ्यांचं एक बोट अंगठीपायी मागाच्या पट्ट्यात गेलं होतं. तेव्हापासून घड्याळ नाही, गंडा नाही, दोरा नाही. राखीपौर्णिमेला बांधलेली राखीसुद्धा दोघे भाऊ शेडच्या दारात सोडत आणि मागाच्या चौकटीला बांधून आत जात. तिथे हा मनगटाचा पट्टा कसा चालणार? आणि तो तर हातातून काढला की केकाटायला लागायचा. फार वेळ रिकामा राहिला की संगणक सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

भावांनी त्यावर आपली युक्ती काढली. पाळी बदलताना शेडच्या दारात जो आत जाई तो पट्टा काढी आणि जो बाहेर येई त्याच्या हाताला बांधी. पट्टा कधी थंड झाला नाही. दर महिन्याला पडद्यावर हिरव्या अक्षरात यायचं, प्रकृती उत्तम, विश्रांती पुरेशी. ते मी वाचून दाखवलं की भावजी म्हणायचे, "दादा, त्या यंत्राला वाटत असंल हा कुठला संस्थानिक. नुसता लोळतोय आन् च्या पितोय."

आम्ही सगळे हसायचो.

त्या आठवड्यात पडद्यावर जागा संपली असं आलं. ऋतुजा दुकानातून एक डिस्क घेऊन आली. जुन्या तऱ्हेची, आत तबकडी फिरणारी, पण पोट मोठं.

तिने भिंतीतलं बटण बंद केलं, वायरी सोडवल्या, पेटी आडवी केली आणि मागचे स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. आत कापसाची लव एवढी बसली होती की उंदराने घर केलंय असं वाटावं. ती ब्रशने झाडली. मग डिस्कला हात लावण्याआधी तिने पेटीच्या पत्र्यावर तळहात टेकवला. अंगातली वीज उतरवून घ्यायची असते, नाहीतर डोळ्याला न दिसणारी ठिणगी डिस्क खराब करते, असं तिने सांगितलं. नवी डिस्क जुनीच्या खालच्या खणात सरकवून तिने दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळले. दोन वायरी जोडल्या, रुंद ती विजेची, अरुंद ती माहितीची. बटण दाबलं तर संगणकाला नवी डिस्क दिसेचना. मी घाबरले. ती म्हणाली, कोरी आहे ती, आधी आखून द्यावी लागते, मग त्याला कळतं की इथे लिहायचंय.

आखून झाली आणि डिस्क फिरू लागली. आतून कोणी नखाने डबा खरवडतंय असा बारीक आवाज यायचा. शेडमधल्या मागांच्या खडखडाटात तो ऐकू येऊ नये, पण मला यायचा.

मी विचारलं, आता काय फरक पडणार. ती म्हणाली, जुन्या डिस्कवर जागा कमी होती म्हणून संगणक दिवसभराच्या लाटांची सरासरी काढायचा आणि लाटा पुसून टाकायचा. आता लाटा जशाच्या तशा राहतील.

"म्हणजे बघ मोठीआई, आजवर हा कापडाचा गठ्ठा नुसता तोलत होता. आता सूत सुटं करून बघंल."

दत्तजयंतीच्या सुमाराला एका दुपारी पडद्यावर लाल चौकट आली. मालक मागावर होते, भावजी पट्टा बांधून झोपले होते, शालन चुलीजवळ भाकरी थापत होती. तिने विचारलं, काय म्हणतंय. मी एकेक शब्द लावून वाचलं.

या नोंदीत दोन शरीरं आहेत, असं त्यात होतं. प्रत्येक माणसाच्या ठोक्याची लाट त्याच्या हस्ताक्षरासारखी वेगळी असते, म्हणून आता दोन प्रतिदेह वेगळे केले आहेत. पहिलं शरीर निरोगी. दुसऱ्या शरीरात हृदयाला ठोक्याचा इशारा पोचवणारी वाट झिजत चालली आहे, उपाय केला नाही तर पुढच्या पावसाळ्याच्या आत ठोका थांबेल. आणि खाली, कोणतं शरीर कोणाचं हे कळण्यासाठी एकाच माणसाने आठवडाभर पट्टा काढू नये.

शालनच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तव्यावरची जळाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी नजर काढून घेतली.

संध्याकाळी दोघा भावांना सांगितलं. ऋतुजाही होती. भावजी म्हणाले, "दादा, तू थोरला. रांगेत पुढं तू."

मालक म्हणाले, "असले मान मी धाकट्याला देत आलोय."

दोघे हसले. शालन उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ नुसतं पाणी सोडून उभी राहिली.

आठवडाभर पट्टा कोणी घालायचा यावर काही ठरेना. ज्याने घालायचा त्याने आठवडाभर मागावर जायचं नाही, आणि मागावर बीम चढलेलं होतं. बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा मोठा रूळ. ते संपेपर्यंत माग रिकामा ठेवत नाहीत. ऋतुजा रोज मागे लागायची, रोज उद्यावर जायचं. खरं कारण बीम नव्हतं. दोघांनाही ते जाणून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवसांत आमचं स्वयंपाकघर बदललं. तीस वर्षं एका परातीत पीठ मळलेल्या आम्ही दोघी. आता शालन महादेव भावजींच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवायची आणि मी पाहिलं की पाठ करायची. मी मालकांना माळ्याचा जिना चढताना मोजायला लागले, दम कुठल्या पायरीवर लागतो ते. लागला नाही की बरं वाटायचं. भावजी पाण्याची घागर उचलून थांबले, छातीवर हात ठेवला, ते मी पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. अशी चिन्हं मी गोळा करत होते, आणि शालनही करत होती, माझ्या माणसाची. एकदा मालक जेवताना खोकले तर तिचा हात भाताच्या पळीवरच थांबला. तिच्या तोंडावर काय होतं ते मला लगेच ओळखता आलं, कारण माझ्या तोंडावरही तेच असणार.

शेवटी बीम संपलं. संक्रांतीआधीच्या आठवड्यात मालक पट्टा बांधून ओसरीवर बसले. आयुष्यात इतके सलग दिवस ते बसले नव्हते. शेडमधून मागाचा आवाज बदलला की उठायचे, पुन्हा बसायचे. मला म्हणाले, "रिकाम्या माणसाचं हात कुठं ठेवायचं असत्यात गं?"

आठवडा भरला त्या सकाळी मी पडद्यासमोर बसले. शालन माझ्या मागे उभी होती. मी वाचलं, पट्टा घातलेला माणूस म्हणजे पहिलं शरीर. निरोगी. हृदय, श्वास, रक्तवाहिन्या यांत पुढची पंधरा वर्षं मोठा बिघाड दिसत नाही.

शालन म्हणाली, "अक्का, परत वाच."

मी परत वाचलं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "वाचताना तुला हसू आलं."

मी नाही म्हटलं नाही. तोंड फिरवलं, एवढंच.

पुढे सगळं भराभर झालं. महादेव भावजींना कोल्हापूरला नेलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र पायाच्या शिरेतून हृदयात सोडलं. ते ठोक्याचा इशारा वेळेवर देतं. डॉक्टरांनी संगणकाने सांगितलेलं बघितलं, स्वतः तपासलं, आणि म्हणाले, वेळेत आलात. ही गोष्ट लिहायला हवी. यंत्र खोटं बोललं नव्हतं. शालनचं कुंकू त्या दुसऱ्या डिस्कने राखलं.

पण भावजींना माग बंद झाला. वर्षभर तरी जड काम नाही, जागरण नाही. ऋतुजाचं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि शेडमध्ये चार माग. मालकांनी बाहेरचा माणूस ठेवायला नकार दिला. दोन्ही पाळ्या स्वतः करायला लागले. दिवसपाळी पूर्ण, मग जेवण, मग मागाशेजारच्या पोत्यांवर डोळा लावायचा आणि उठून पुन्हा. मी बोलले, भावजी बोलले, ऋतुजा रडली. त्यांचं एकच.

"माझ्या नावावर पंधरा वर्षं हायती. त्यातलं एक महादूला दिलं तर काय कमी पडतंय?"

ते पंधरा वर्षं असं म्हणायचे जसं कोणी शेजारच्या गावी असलेल्या जमिनीबद्दल बोलावं. आहेच ती, जाते कुठे. मीही विश्वास ठेवला. सकाळी उठून पहिल्यांदा पडदा बघायचे. पट्टा आता कायम भावजींच्या हातात होता, पण संगणक पहिल्या शरीराला विसरला नव्हता. साठवलेल्या लाटांवर तो त्याला आत चालवत होता. रोज हिरव्या अक्षरात यायचं, पहिलं शरीर, प्रकृती उत्तम, विश्रांती पुरेशी. शेडच्या दारात मालक भिंतीला धरून खोकत असायचे आणि मी ती अक्षरं वाचत असायचे. माणूस पुढ्यात होता. तरी मी विचारायला पडद्याकडे जात होते.

शालन माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा मात्र मालकांच्या ताटात लोण्याचा मोठा गोळा वाढून म्हणाली, "दाजींचं गाल बसल्यात, अक्का." मी म्हटलं, संगणक बरं म्हणतोय. ती म्हणाली, "व्हय, म्हणतोय खरं." आणि ताट घेऊन शेडकडे गेली.

फाल्गुनात संगणक तापून बंद पडायला लागला. ऋतुजाने सुट्टी घेऊन पेटी उघडली. पंख्यात लव दाटून बसली होती. ती झाडता झाडता तिने सहज विचारलं, आप्पा, म्हणजे मालक, कधीतरी पट्टा वरती दंडाला बांधून मागावर गेले असतील ना.

मी म्हटलं, "मागावर हात रिकामा. तुला ठाऊक न्हाई होय? दारातच काढायचे, तुझा बाबाबी."

तिच्या हातातला ब्रश थांबला. ती लहानपणापासून दारातली ती देवाणघेवाण बघत आली होती. घरातली रोजची गोष्ट, तिच्याकडे कोण नव्याने बघतो? तिने पत्रा न लावताच संगणक सुरू केला आणि मालकांच्या लाटा पडद्यावर ओढून काढल्या. एकामागून एक दिवस सरकवत गेली. मला म्हणाली, हे बघ, झोप. हा चहा. हे बाजारात चालत जाणं. हा ओसरीवर बसलेला आठवडा. पुन्हा झोप.

"मोठीआई, यानं आप्पांना मागावर कधी बघितलंच नाही. ना आप्पांना, ना बाबांना. आप्पांची छाती उभ्यानं, उकाड्यात, त्या लवेत, त्या आवाजात कशी चालते, हे याला माहीतच नाही. याच्या हिशेबी आप्पा कामच करत नाहीत."

मी विचारलं, मग ती पंधरा वर्षं.

ती म्हणाली, "ती बसून राहणाऱ्या माणसाची."

खालच्या खणातली डिस्क खरवडत होती. पत्रा उघडा असल्यामुळे तो आवाज त्या दिवशी खोलीभर येत होता.

आम्ही दोघी तशाच शेडमध्ये गेलो. मागांच्या आवाजात तिथे बोललेलं ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. ऋतुजाने हाताने खूण करून त्यांना दारात आणलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भुवयांवर, पापण्यांवर लव बसलेली, पीठ चाळून उठल्यासारखे दिसत होते. तिने पट्टा पुढे केला, भावजींच्या हातातून मागून आणलेला. म्हणाली, दंडाला बांधा, चार दिवस मागावर घालून बघा, मग आपण डॉक्टरकडे जाऊ.

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या मनगटाकडे.

"एवढं बीम उतरू दे," ते म्हणाले. "पाडव्याला माग बंदच असत्यात. पाडव्यापास्नं बांधतो, मग तुझ्या यंत्राला काय बघायचं ते बघू दे."

ऋतुजा म्हणाली, आजच. ते म्हणाले, पोरी, लग्न तुझं हाय, घाई मला असायला हवी. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले. तिच्या केसांवर लवेचा पांढरा पंजा उमटला. माझ्याकडे बघून हसले. मी त्यांचा हात धरून ठेवायला हवा होता असं लोक म्हणतील. पण माग चालू असताना माणसाचा हात आमच्यात कोणी धरत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि शालन पुरणासाठी डाळ निवडत होतो. दोघी एकाच सुपावर, बऱ्याच दिवसांनी. मागच्या बाजूला चारही माग चालू होते. हा आवाज आम्हाला ऐकू येत नाही, तो थांबला तरच येतो. जुन्या मागाचं असं असतं की आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग आपोआप थांबतो. मग माणूस नवी कांडी घालतो आणि चालू करतो. तेवढा खंड पडतो, पुन्हा खडखड सुरू.

एक माग थांबला. आम्ही डाळ निवडत राहिलो. तो सुरू झाला नाही. मग दुसरा थांबला. शालनने मान वर केली. मी म्हटलं, पाणी प्यायला गेले असतील. तिसरा थांबला. आता एकच माग चालत होता, आणि त्या एकट्याचा आवाज फार मोठा वाटत होता. शालन उठली, माझ्या दंडाला धरून तिने मला उठवलं. आम्ही शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा चौथा थांबला.

ते पोत्यांशेजारी बसले होते, पाठ भिंतीला, नवी कांडी हातात. राखीपौर्णिमेची राखी त्यांच्या डोक्यावर मागाच्या चौकटीला होती. शालनने त्यांच्या नाकाशी हात नेला आणि मग मला जवळ घेतलं. तिने हंबरडा फोडला, मी नाही. मला आठवतं ते एवढंच, की इतक्या शांततेत मला घराच्या पुढच्या खोलीतून ती डिस्क ऐकू येत होती.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं लवेने भरत आली होती आणि हृदय त्यांच्यासाठी दुप्पट ओढत होतं. बसलेल्या माणसात हे लवकर दिसत नाही.

ऋतुजाचं लग्न वर्षाच्या आत, घरच्या घरी उरकलं. भावजी शेड झाडून ठेवतात, माग चालवत नाहीत. योजनेच्या लोकांना आम्ही सगळं कळवलं. तरी पहिल्या शरीराची नोंद बंद करायला पट्टा त्याच माणसाच्या हाताला बांधून संमती द्यावी लागते. ऋतुजा म्हणाली, डिस्क काढून टाकते. पण भावजींचा प्रतिदेहही त्याच डिस्कवर आहे, आणि त्यावर बघूनच हृदयातलं यंत्र जुळवतात. ती काढता येत नाही. त्यामुळे पडद्यावर रोज सकाळी दोन ओळी येतात. खालची शालन मला वाचायला लावते. वरची मी मनात वाचते. त्यात विश्रांती पुरेशी असं असतं.

म्हणून इथे साधं लिहून ठेवते, कोणी पुढे तो पडदा वाचून फसू नये. आमचे मालक श्रीपती हे सन २०४२ च्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मागाच्या शेडमध्ये वारले.